खानदेशच्या आवाजाचे दफ्तर कोणी सांभाळायचे?

रेकॉर्डच्या आणि कॅसेटच्या जुन्या दुकानांवर लिहिण्याची आता एक ठरीव रीत पडून गेली आहे. लेखक कुलूप लागलेल्या एखाद्या शटरसमोर उभा राहतो, त्याला रेकॉर्डच्या पुठ्ठ्याचा वास आणि सुईची खरखर आठवते, दुकानदाराला तोंडपाठ असलेल्या गाण्यांच्या याद्या आठवतात, आणि ‘ते दिवस गेले’ असे म्हणत तो खिशातला मोबाइल काढून तेच गाणे लावतो. असा एक लेख काही वर्षांपूर्वी मीही लिहिला होता आणि तो पुन्हा वाचताना आज मला संकोच वाटतो, कारण त्यात मी दुकान बंद झाल्याचे दुःख केले होते. दुकाने बंद होतातच. धुळ्याच्या गल्ल्यांमधून कल्हईवाले गेले, पिंजारी गेले, तासावर सायकली भाड्याने देणारे गेले; त्यांच्यासाठी कोणी सार्वजनिक पैसा मागितला नाही आणि मागण्याचे कारणही नव्हते. कॅसेटच्या दुकानाची गोष्ट वेगळी आहे, पण ती त्या वासामुळे किंवा त्याच्याशी जडलेल्या आपल्या तारुण्यामुळे नव्हे. त्या दुकानात जो माल होता त्यातला बराचसा दुसरीकडे कोठेच नव्हता, आणि दुकान उठले तेव्हा तो कोठे गेला हे विचारायला कोणी आले नाही, एवढ्यासाठी ती वेगळी आहे.

ज्या दुकानावरून मी हे लिहितो आहे ते धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत होते. गल्लीला नाव नव्हते, नंबर होता. धुळेकराला याचे नवल वाटत नाही, बाहेरच्याला वाटते. दुकान जेमतेम आठ फूट रुंद असेल. मालकांना सगळे आप्पा म्हणत. मी शाळेत होतो तेव्हा त्यांच्याकडे रेकॉर्डच होत्या. चार गाण्यांच्या लहान तबकड्या दर्शनी फळीवर, मोठ्या एलपी काचेच्या कपाटात कुलपाआड, आणि मागच्या बाजूला लाखेच्या जुन्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकड्यांची एक उतरंड, जिला हात लावायची आम्हा मुलांना परवानगी नव्हती. घरात ग्रामोफोन असणारी माणसे धुळ्यात तेव्हा मोजकीच होती. आप्पांचे खरे गिऱ्हाईक म्हणजे लग्नात कर्णे बांधणारे मंडपवाले. त्यांच्या खालोखाल बँडवाले. पण ते रेकॉर्ड विकत घेत नसत, दुकानासमोर उभे राहून नवे गाणे दोनदा ऐकत आणि चाल उचलून निघून जात. आप्पांनी त्यांना कधी हटकले नाही. बँडने वरातीत गाणे वाजवले की पुढच्या आठवड्यात तीच रेकॉर्ड मागायला माणसे येतात, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

या रेकॉर्डच्या काळाविषयी हळवे होणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्या उतरंडीत खानदेश जवळजवळ नव्हताच. याचे कारण कोणाचा द्वेष नव्हता. ते तंत्राचे आणि पैशाचे होते. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानसारख्या गायिकांच्या गाण्याने सुरू झाले आणि पुढची कित्येक दशके देशातल्या बहुसंख्य रेकॉर्ड तिथल्याच, आधी सियालदहच्या आणि मग डमडमच्या कारखान्यात दाबल्या गेल्या. तबकडी काढायची तर आधी स्टुडिओ, मग धातूचे साचे, मग दाबयंत्र, आणि एवढा खर्च भरून निघेल इतका खप हवा. साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या बाईच्या गळ्यातले कानबाईचे, म्हणजे श्रावणात बसणाऱ्या खानदेशी देवीचे, गाणे या हिशेबात बसणे शक्य नव्हते. खानदेश रेकॉर्ड कंपन्यांची बाजारपेठ होता. ऐकण्याजोगे काही तिथे निपजत असेल असे मानण्याची त्यांना गरज पडली नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला बहिणाबाई चौधरींचा आहे. असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईने जात्यावर आणि शेतात रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी उतरून घेतल्या, १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्या कविता आचार्य अत्र्यांच्या पाठबळाने पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. शब्द तगले. परंतु त्या गेल्या तेव्हा ग्रामोफोनला भारतात येऊन अर्धे शतक उलटत आले होते, आणि तरीही ती ओवी त्यांच्या गळ्यातून ज्या चालीत, ज्या लयीत आणि लेवा बोलीच्या ज्या हेलात निघत होती ती आज ऐकायला मिळत नाही. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या आणि त्या चालींवर महाराष्ट्राने बहिणाबाई पाठ केल्या. ती रेकॉर्ड आप्पांकडे होती, चांगली खपतही होती. चाली सुंदर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तरी जळगावच्या जात्यावरचे गाणे मुंबईच्या स्टुडिओतून फिरून, दुसऱ्याच्या चालीत आणि दुसऱ्याच्या गळ्यात, आमच्याच गल्लीत विकायला आले होते आणि यात काही हरवले आहे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नव्हते, हे मला आज फार बोचते.

कॅसेट आली आणि हे चित्र पालटले. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली असली तरी आमच्याकडे ती खऱ्या अर्थाने रुळली ऐंशीच्या दशकात, जेव्हा टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी किंमत पाडली आणि जपानी टेपरेकॉर्डर गावोगाव पोचले. तिच्यामुळे गाणी स्वस्त झाली ही गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की कॅसेट काढायला कारखाना लागत नाही. एक बरा मायक्रोफोन, दोन डेक आणि कोऱ्या कॅसेटचा खोका एवढ्यावर धुळ्यातल्या एखाद्या खोलीत मुद्रण होऊ शकत होते, आणि काहीशे प्रती खपल्या तरी खर्च निघत होता. जे गाणे डमडमच्या हिशेबात कधीच बसले नसते ते आता शिरपूरच्या बाजारातल्या हातगाडीवर दिसू लागले. खानदेशच्या अहिराणी बोलीतली विनोदी बतावणी, कानबाईची आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी, तमाशाचे वग, गावच्या सप्ताहातली कीर्तने, नंदुरबारकडून येणाऱ्या भिलोरी-पावरी बोलींतल्या होळीच्या गाण्यांच्या कॅसेटी: वीस-पंचवीस वर्षांच्या काळात खानदेशाने स्वतःचा आवाज स्वतःच्या पैशाने मुद्रित करून घेतला, आणि तो कोणत्याही अकादमीच्या योजनेतून नव्हे तर बाजारातून. त्यापूर्वी असे घडले नव्हते.

आप्पांच्या दुकानाचे रूपही यात बदलले. आता फळ्यांवर कॅसेटच्या उभ्या ओळी होत्या आणि आत एका बाजूला दोन डेक दिवसभर चालू असत, कारण विकण्याइतकाच धंदा ‘भरून देण्याचा’ होता. गिऱ्हाइकाने वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचे आणि दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. हे कायद्याला धरून नव्हते आणि मी ते झाकू इच्छित नाही. गायक-संगीतकारांच्या हक्काचा पैसा त्यात बुडत होता. परंतु त्या याद्या आप्पा फेकत नसत. एका जाड वहीत ते तारीख, गाव आणि मागितलेले गाणे लिहून ठेवत, आणि नसलेल्या मालापुढे फुली मारत. श्रावणाआधी फुल्यांची रांग लागे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा तिच्या आधीचे आठ-दहा दिवस साक्रीच्या आणि दोंडाईच्याच्या गाड्यांनी उतरलेल्या बाया दुकानाच्या पायरीशी येऊन विचारत, “आप्पा, कानबाईना गाना शेतस का?” आप्पा मग कोणाकोणाला सांगून, गावातल्या एखाद्या बाईला बोलावून, मागच्या खोलीत बसवून गाणी भरून घेत. त्या बायांना यातून काय मिळाले, एखादी साडी मिळाली की तेवढेही नाही, हे विचारण्याचे मला त्या वयात सुचले नाही. कॅसेटच्या वेष्टनावर त्यांची नावे नसत, ‘आणि पार्टी’ एवढेच असे. त्या काळाचा गौरव करताना हेही लिहिले पाहिजे.

तर मुद्दा असा, की आठ फुटांच्या त्या जागेत, मालकाच्या लेखी केवळ धंदा म्हणून, दोन गोष्टी जमत होत्या. एक, अहिराणीच्या आणि तिच्या शेजारच्या बोलींच्या आवाजाचा साठा. आणि दुसरी, कोणत्या तालुक्यात कोणत्या सणाला काय ऐकले जाते याची नोंद. दफ्तर म्हणतात ते याहून वेगळे काय असते? फरक एवढाच, की दफ्तर सांभाळायला माणूस नेमलेला असतो आणि दुकानाला मालक असतो. मालक म्हातारा झाला, सीडी आल्या, मग ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी लागली, आणि तीही उतरली. आप्पांच्या मुलांनी जागा मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला भाड्याने दिली. मी गेलो तेव्हा कॅसेटी प्लास्टिकच्या भावाने भंगारात गेल्या होत्या. त्याआधी काही वर्षे, कोरा माल महाग पडतो म्हणून, आप्पांनी स्वतःच न खपलेल्या कितीतरी कॅसेटींवर नवी गाणी भरली होती. एखाद्या बाईच्या ओव्या पुसून त्यावर कुठल्याशा चित्रपटाची गाणी. वही सापडली नाही.

हे सारे दुसऱ्या एखाद्या शहरात घडले असते तर मी कदाचित एवढे लिहिलेही नसते. पण हे धुळे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस ज्या गावात गेले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ज्या गावात त्यांचा देह पडला आणि पुढच्याच वर्षी ज्या गावाने त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे करून त्यांचे कागद जपले, ते हे गाव. राजवाड्यांनी जन्मभर काय केले? वाड्यांच्या माळ्यांवर कुजत पडलेली, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला जाणारी दफ्तरे त्यांनी पायपीट करून गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. त्यांच्या काळातल्या शहाण्या माणसांनाही त्या कागदांत रद्दीपलीकडे काही दिसत नव्हते. याच धुळ्यात नानासाहेब देवांनी रामदासी मठामठांतून बाडे आणून समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. कोणी वापरात नसलेली वस्तू, जिची मालकी धड सांगता येत नाही आणि जिला बाजारात किंमत नाही, ती घरोघर फिरून गोळा करायची, तिच्यावर क्रमांक घालायचा आणि ती पुढच्यासाठी ठेवून द्यायची, ही विद्या धुळ्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. आपण ती कागदापुरती मानली आणि फितीला लावली नाही.

आता या कॅसेटी ग्रंथालयांनी गोळा करून जपाव्यात, या माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकलेले आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत.

पहिला, आणि सर्रास ऐकू येणारा, असा की हे सगळे यूट्यूबवर आहे. चित्रपटगीतांच्या बाबतीत हे खरे आहे आणि त्यांची मला काळजीही नाही. ती गाणी ज्यांच्या मालकीची आहेत त्या कंपन्या ती कमाईसाठी जपतील. आजची अहिराणी गाणीही यूट्यूबवर भरपूर आहेत, त्यांना प्रेक्षकही मोठा आहे, आणि ज्यांना बोली मेल्याचे भाकीत करण्याची घाई झाली आहे त्यांनी ती एकदा पाहावीत. परंतु १९८५ ते २००५ या मधल्या काळातल्या, बंद पडलेल्या स्थानिक कंपन्यांच्या कॅसेटी तेथे अपवादानेच सापडतात, आणि सापडतात त्यांच्याखाली कोणी गायले, कोणत्या गावी, कोणत्या साली, याची ओळही नसते. चढवणाऱ्याने खाते बंद केले किंवा कोणी हक्काचा दावा लावला की तेही एका रात्रीत नाहीसे होते. जिथे वस्तू ठेवण्याचे बंधन कोणावरच नाही त्या जागेला मी तरी दफ्तर म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ग्रंथपालांशी बोलताना ‘कॉपीराइटचे काय?’ हा प्रश्न इतक्या लवकर येतो की पुढचे बोलणेच खुंटते, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्या १ जानेवारी २०२५ पासून मुद्रण म्हणून मुक्त झाल्या. चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा मोजला जातो, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. या हिशेबाने १९९० मध्ये धुळ्यात निघालेली कॅसेट २०५१ साली मुक्त होईल. तोवर ती फीत वाजेल का? चुंबकीय फितीवरचा लेप तिला धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यासह सुटू लागतो, ओल लागली की बुरशी धरते, आणि उष्णतेने हे सगळे लवकर होते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या आमच्या पत्र्याच्या माळ्यांवर साठ वर्षे टिकणारी फीत अजून निघायची आहे. तेव्हा मुदत संपण्याची वाट पाहणे म्हणजे फीत मरण्याची वाट पाहणे होय.

सुदैवाने कायद्याने वाट पाहायला सांगितलेलेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी तरतूद घातली गेली, की नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवणे हा हक्कभंग ठरत नाही. आणि ‘कृती’ या शब्दात कायद्याने ध्वनिमुद्रणही धरले आहे. ज्यांचे हक्कदार शोधूनही सापडत नाहीत अशा कृती प्रसिद्ध करण्यासाठी परवाना मागण्याची वाट कलम ३१-अ मध्ये वेगळी आहे. म्हणजे जतनाला आज बंदी नाही. फक्त त्याची अट अशी, की कॅसेट आधी ग्रंथालयाच्या कपाटात असली पाहिजे. नेमके तेच होत नाही. पुस्तकांच्या बाबतीत प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याची सक्ती करणारा कायदा १९५४ पासून आहे, पुढे त्यात वृत्तपत्रे आली, पण ध्वनिमुद्रणे आली नाहीत. आमच्याकडच्या लहानशा कॅसेट कंपनीने प्रत कोठे द्यायची होती? कोठेच नाही. आणि जिला कोणी कायद्याने प्रत मागितली नाही ती कंपनी बुडाल्यावर तिचा माल शोधायचा कोठे, याचेही उत्तर तेच.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि त्याच्याविषयी मला तुच्छतेने बोलता येणार नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाला जे मानधन मिळते त्यात घर चालत नाही. अशा माणसाला ‘तू आता कॅसेटीही सांभाळ’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. म्हणून माझी मागणी सगळ्या ग्रंथालयांकडे नाहीच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी एक ‘अ’ वर्गाचे ग्रंथालय, आणि त्यांच्या मागे विद्यापीठ, एवढ्यापुरतीच ती आहे. खर्चाचा अंदाजही येथे मांडतो, कारण ‘फार मोठे काम आहे’ या चार शब्दांखाली हा विषय नेहमी गाडला जातो. साठची कॅसेट उतरवायला एक तास लागतो, कमी नाही आणि जास्त नाही. ती वाजेल तेवढा वेळ माणसाने कान लावून बसायचे असते. एक हजार कॅसेटी म्हणजे एक हजार तास. दिवसाला पाच तास काम धरले तर दोनशे दिवस, म्हणजे एका माणसाचे साधारण एक वर्ष. जतनाच्या दर्जाने, चोवीस बिट आणि शहाण्णव किलोहर्ट्झवर उतरवले तर तासाला सुमारे दोन जीबी होतात, म्हणजे तो सगळा साठा चार टीबीच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कवर बसतो. सुरक्षिततेसाठी अशा तीन डिस्क तीन वेगळ्या गावी ठेवाव्यात. त्याखेरीज दोन चांगले डेक, आणि ते दुरुस्त करणारा माणूस. पैशापेक्षा या शेवटच्या गोष्टीची टंचाई अधिक आहे. डेकचे रबरी पट्टे सैल होतात, हेड झिजते, आणि ते बसवू शकणारे कारागीर आता साठीच्या पुढचे आहेत. जुने कुशल हात अजून आहेत तोवरच हे काम स्वस्त आहे.

चौथा आक्षेप कोणी उघडपणे मांडत नाही, पण तो सगळ्यांच्या मनात असतो: यात जपण्यासारखे आहे तरी काय? अर्ध्या कॅसेटी द्व्यर्थी विनोदाच्या, उरलेल्या बेसूर. हे बऱ्याच अंशी खरे आहे. मी स्वतः त्यांतल्या काही घरातल्या बायकांसमोर लावू शकलो नसतो. परंतु राजवाड्यांनी तरी केवळ तह आणि खलिते जमवले काय? देण्याघेण्याच्या यादी, वतनाची भांडणे, महजर, हिशेबाचे चिटोरे, सगळे जमवले, आणि पुढच्या अभ्यासकांना गावगाड्याचा इतिहास त्या चिटोऱ्यांतूनच लिहिता आला. एका पिढीची अभिरुची ही पुढच्या पिढीच्या साधनांची चाळण होऊ नये. त्या द्व्यर्थी बतावणीतच सासू-सुनेचे, सावकाराचे, कापसाच्या भावाचे आणि एसटीच्या गर्दीचे असे अहिराणी संवाद आहेत, जे कोणत्याही कोशकाराने उतरून घेतलेले नाहीत. भाषेचा अभ्यासक बोलणाऱ्याला समोर बसवून मुद्रण करतो तेव्हा तो माणूस सावरून बोलतो. बतावणीतला सोंगाड्या सावरून बोलत नाही.

मराठीच्या बोलींचे आवाज जपण्याचे काम मुळीच होत नाही असे मी म्हणत नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे जे सर्वेक्षण केले त्यात गावोगावच्या लोकांचे मुद्रण आहे आणि ते मोलाचे आहे. पण ते आजच्या बोलण्याचे आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आज कोणी नव्याने मुद्रित करू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली सुमारे साडेअठरा लाख लोक आहेत आणि त्याआधीच्या दशकात ते वीस लाखांहून अधिक होते. यात बोलणारे किती घटले आणि ‘मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला मराठी असे उत्तर देणारे किती वाढले हे वेगळे करता येणार नाही, परंतु दोन्हींचा अर्थ आमच्यासाठी फारसा निराळा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि शिलालेख, ताम्रपट, पोथ्या यांच्यासाठी पैसा येण्याची आशा निर्माण झाली. त्या पैशातला लहानसा वाटा फितीसाठी मागणे मला गैर वाटत नाही. दोन हजार वर्षांचा दगड अजून शंभर वर्षे थांबू शकेल. फीत पुढच्या दहा उन्हाळ्यांत जाईल.

हे काम कोणी करावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुंबईच्या रेकॉर्ड संग्राहकांनी १९९० मध्ये आपली संस्था काढली आणि हौसेच्या बळावर लाखेच्या तबकड्यांचे मोठे काम केले. १९८२ मध्ये स्थापन झालेले संगीताचे एक अभिलेखागार दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे. त्यांच्याकडून रीत शिकावी, सल्ला घ्यावा. पण साठा तिकडे पाठवू नये. कॅसेटमधली बाई कोणत्या गावची, तिच्या बोलीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात की ‘से’, गाणे कानबाईच्या रोटांच्या वेळचे आहे की विसर्जनाचे, हे ऐकून सांगू शकणारी माणसे इथे आहेत, आणि ती म्हातारी होत चालली आहेत. ज्या विद्यापीठाने २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव धारण केले त्याने हे काम अंगावर घेणे मला सर्वांत उचित वाटते, कारण त्या नावाचाच अर्थ असा आहे, की ऐकणाऱ्याने वेळेवर उतरून घेतले म्हणून एक कवयित्री वाचली. दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव भरतो. त्यात पुस्तकांच्या गाळ्यांशेजारी एक टेबल टाकून, ‘घरातल्या जुन्या कॅसेटी येथे द्या, उतरवून परत मिळतील’ अशी पाटी लावायला शासननिर्णयही लागू नये.

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या घरातल्या एक्केचाळीस कॅसेटी निवडल्या. त्यांतल्या सव्वीस आप्पांच्या दुकानातून घेतलेल्या आहेत, अकरांवर त्यांचेच अक्षर आहे. त्या पिशवीत घालून मी एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. ग्रंथपाल सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, कॅसेटी एकेक करून पाहिल्या, एका वेष्टनावरचे गावाचे नाव वाचून ‘हे आमच्या मामांचे गाव’ असे म्हणाले, आणि दाखल नोंदवही उघडली. पहिला रकाना दाखल क्रमांकाचा, तो त्यांनी घातला. लेखकाच्या रकान्यात काय लिहावे यावर आम्ही थोडा वेळ बोललो आणि ‘आणि पार्टी’ असे लिहावे असे ठरले. पुढचा रकाना पृष्ठांचा होता. त्यांनी पेन ठेवून पेन्सिल घेतली, ‘६० मि.’ असे बारीक अक्षरात लिहिले, त्याच्याकडे क्षणभर पाहिले, आणि म्हणाले की वार्षिक तपासणीला साहेब येतात तेव्हा पृष्ठांची बेरीज मागतात, म्हणून कार्यकारिणीला विचारून कळवतो. ते माझ्या देखत त्यांनी खोडले नाही. पिशवी सध्या माझ्या घरी, आतल्या खोलीत, गाद्यांच्या पेटीवर आहे, कारण त्या खोलीवर पत्रा नाही, स्लॅब आहे.